बांधलेला आवाज

करंजवेळच्या बंदरावर यमुनाआक्का चोगले तीस वर्षं मासळीचा लिलाव पुकारत होती, आणि त्या तीस वर्षांत तिनं एकही वस्तू छापील किमतीला घेतली नाही. साडी असो, छत्री असो, लेकीच्या कॉलेजचं दफ्तर असो; दोनदा दुकानाची पायरी उतरून पुन्हा चढल्याशिवाय तिला खरेदी झाल्यासारखं वाटतच नसे. आईचा जीव त्या सवयीनं घेतला, असं हेमांगीला अधूनमधून वाटतं. मग त्या विचाराचीच तिला लाज वाटते, आणि ती पुन्हा कराराचे कागद उघडून बसते.

आक्काच्या घशाचा कर्करोग निघाला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "मिश्री किती वर्षं लावताय?" आक्का म्हणाली, "दात आल्यापासून." पूर्ण आवाजातलं तिचं हे शेवटचं वाक्य. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढलं. गळ्याच्या खड्ड्यात श्वासासाठी एक भोक राहिलं. ज्या बाईची हाक बंदरातून निघून बाहेरच्या खडकापर्यंत ऐकू जायची, ती बाई आता पाटीवर खडूनं लिहायची. अक्षरं तिला येत होती, पण घाईत येत नव्हती, आणि तिचं सगळं आयुष्य घाईतलं होतं.

तो काळ कंठपट्टीचा होता. स्वरयंत्र गेलं तरी मेंदूला ते कळत नाही; तो जीभ, जबडा, मान यांच्या स्नायूंना बोलण्याचे हुकूम सोडतच राहतो. हे हुकूम म्हणजे विजेची अगदी बारीक स्पंदनं. गळ्याभोवती बांधलेली पट्टी ती टिपते आणि फोनकडे पाठवते. कुठल्या स्पंदनातून कुठला उच्चार निघतो, हे फोनला माणसागणिक वेगळं शिकावं लागतं. त्याला सहा-सात महिने लागतात. एकदा ते शिकला, की जुन्या ध्वनिमुद्रणांवरून तो त्या माणसाचाच आवाज उभा करतो, आणि ओठ हलल्यापासून शब्द ऐकू येईपर्यंत पापणी लवण्याइतकाही वेळ जात नाही. आक्काच्या आवाजाची मुद्रणं भरपूर होती. मच्छीमार सोसायटी प्रत्येक लिलाव नोंदवून ठेवायची.

फोन दोन तऱ्हांनी मिळायचा. पूर्ण किंमत मोजून दुकानातून घेतला तर तो सुटा. कुठल्याही कंपनीचं कार्ड घाला, चालेल. नेटवर्क कंपनीकडून घेतला तर जवळजवळ फुकट, पण काही वर्षं त्याच कंपनीशी बांधलेला. बंदरावर लोक त्यांना तसंच म्हणायचे, सुटा आणि बांधलेला. होड्यांसारखं.

हेमांगी आईला घेऊन आधी तालुक्याला नसीमा मुकादमच्या दुकानात गेली. आक्कानं फोन हातात घेऊन पाहिला, पाटीवर लिहिलं, 'कमी कर.'

"खाला, एकच किंमत आहे," नसीमा म्हणाली. "डब्यावर छापलीय. मला एक रुपया हलवता येत नाही."

आक्का पायरी उतरली. नसीमानं हाक मारली नाही. आक्का वळून उभी राहिली, थोडी थांबली. नसीमा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली होती. घरी येईपर्यंत आक्काचं तोंड असं होतं, की जणू तिचा भर बाजारात अपमान झाला.

दुसऱ्या दिवशी बंदरावर 'लहर' कंपनीचा मांडव लागला. त्यात अभिराम टकले नावाचा गोरटेला, हसरा माणूस. त्यानं पाच वर्षांची मुदत सांगितली. आक्कानं दोन बोटं वर केली.

"दोन? आक्का, माझी नोकरी घालवता काय?" त्यानं कपाळाला हात लावला. "चार."

आक्का उठली. दहा पावलं गेली.

"अहो आक्का! बरं, बसा तरी. चहा घ्या. साडेतीन."

आक्का चहा न घेता पुन्हा उठली. टकलेनं शेवटी हात जोडले. तीन वर्षं. आक्का लेकीकडे बघून अशी हसली, की ऑपरेशनपासून एकदाही तशी हसली नव्हती. नंतर कळलं, त्या दिवशी मांडवात आलेल्या प्रत्येकाला तीनच वर्षं मिळाली होती.

करार एक्केचाळीस पानांचा होता आणि त्यावर घरातल्या दुसऱ्या माणसाची सही लागायची. हेमांगी तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल. शाम्पूच्या बाटलीमागचा मजकूरही ती शेवटपर्यंत वाचते. पण होड्या किनाऱ्याला लागत होत्या, आई बाही ओढत होती. तिनं सही केली.

आक्काचा आवाज परत आला त्या दिवशी दोघी जेवायला बसल्या होत्या. फोन ताटाशेजारी होता. आक्कानं घास घेतला, ओठ हलले, आणि घरात तीच जुनी, खरखरीत हाक घुमली:

"सात महिने भातात मीठ नाय घातलंस, गो. सांगायचं कोणी?"

हेमांगी ताट सोडून बाहेर गेली आणि पडवीत भिंतीला टेकून रडली. आतून आवाज येतच होता, "आता हसतेस का रडतेस ता तरी सांग!"

पुढच्या हंगामात आक्का लिलाव पुकारायला पुन्हा आपल्या उलट्या टोपलीवर उभी राहिली.

बांधलेल्या फोनचं कुलूप नुसतं कार्डापुरतं नव्हतं. आक्काची स्पंदनं आणि तिचे उच्चार यांचा मेळ, म्हणजे खरं तर तिचा आवाजच, फोनच्या एका बंद कप्प्यात होता आणि त्याची किल्ली कंपनीकडे होती. फोन अधूनमधून कंपनीच्या टॉवरला विचारायचा, 'मी अजून तुमचाच ना?' तीन दिवस उत्तर मिळालं नाही, की कप्पा मिटायचा. हे सगळं पान एकोणतीसवर लिहिलं होतं. बंदरावर 'लहर'चा टॉवर होता, म्हणून जवळजवळ तीन वर्षं हा प्रश्न कधी आलाच नाही.

या जूनमध्ये मासेमारी बंद असताना आक्का डोंगरापलीकडे बहिणीकडे, सोनूमावशीकडे, राहायला गेली. तिथं दुसऱ्याच कंपनीचा टॉवर होता. चौथ्या दिवशी, शुक्रवारी, आक्काचा आवाज बंद पडला. मावशीच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून तिनं लेकीला गळ्याकडे बोट दाखवलं, मग आपल्या फोनकडे, मग ज्या शिवीला आवाजाची गरज पडत नाही ती ओठांनी दिली.

हेमांगीनं टकलेला फोन लावला. आता तो विभागीय अधिकारी झाला होता.

"काळजी नको मॅडम. आक्कांना आमच्या हद्दीत यायला सांगा. आपोआप चालू होईल."

"रविवारी आणते. तोवर तुम्हाला इथून काही करता येईल?"

"सिस्टीम आहे मॅडम. माझ्या हातात असतं तर केलं नसतं का?"

शनिवारी दुपारी आक्काच्या गळ्यातल्या भोकात कफाचा गठ्ठा अडकला. सोनूमावशीला ऐकू येत नाही; ती मागच्या परड्यात भाजीला पाणी घालत होती. आक्कानं मदतीचा नंबर दाबला. असा फोन कुठल्याही टॉवरवरून जातो; तिचाही गेला, उचललाही गेला. तिचे ओठ हलले असणार. गाव, वाडी, बहिणीचं नाव, सगळं तिनं सांगितलं असणार. पत्ता सांगण्यात आक्का कधी चुकायची नाही. पण पलीकडच्या माणसाला ऐकू आला तो फोनमध्ये भरलेला एका तरुण मुलीचा गोड आवाज: 'ही सेवा आपल्या क्षेत्रात उपलब्ध नाही.' पुन्हा तेच. पुन्हा तेच. एकोणीस सेकंदांनी त्यानं यंत्राचा फोन समजून तो ठेवून दिला.

हेमांगीच्या तक्रारीला 'लहर'नं दोन ओळींचं उत्तर पाठवलं. तातडीचा कॉल यशस्वीरीत्या जोडला गेला होता. परक्षेत्रात असलेल्या फोनचं कुलूप काढणं तांत्रिकदृष्ट्या शक्य नव्हतं. खाली सही, अ. टकले.

तिनं ते पत्र घडी घालून पर्समध्ये ठेवलं. रडली नाही. शोकाबद्दल तिनं पुष्कळ वाचलं होतं, त्याच्या पायऱ्याही तिला पाठ होत्या. पण तिच्या आत जे बसलं होतं त्याला पायऱ्या नव्हत्या. ते एका जागी, दगडासारखं, वाट बघत होतं.

करंजवेळला सगळं लिलावानं ठरतं. नव्या हंगामाला सोसायटीच्या बासष्ट होड्यांसाठी फोन घ्यायचे होते, तेही तसंच ठरणार होतं. बोली रुपयांची नव्हती, वर्षांची होती. जो कमीत कमी वर्षं बांधून ठेवेल त्याचे फोन. आणि पुकारणारी बाई वारली, तर नव्या हंगामाची पहिली बोली तिच्या घरातल्यानं पुकारायची, असा तिथला रिवाज. सोसायटीचे अध्यक्ष बाळूकाका पावसे घरी येऊन सांगून गेले. "तुला जमेल का गो? नुसतं उभी ऱ्हा, बाकी आम्ही बघतो."

"जमेल, काका."

दोन दिवसांनी टकले आला. आक्का गेल्यापासून सोनूमावशी हेमांगीकडेच होती. ती दाराशी मटार सोलत बसली होती.

"फार वाईट झालं मॅडम. आक्का म्हणजे आमच्या योजनेचा चेहरा."

"आवाज," हेमांगी म्हणाली.

"हो. तेच बोलायला आलो." तो पुढे सरकला. "बारा तारखेला संध्याकाळी पाच वाजता आक्कांच्या योजनेला तीन वर्षं होतात. ग्राहक हयात नाही, म्हणून नियमानं त्यांचा आवाज कप्प्यातून पुसला जाईल. पण मी म्हटलं, लेकीला आईचा आवाज मिळायला हवा. तुम्ही काहीही टाइप करा, आक्का बोलतील. जन्मभर. कुलूप काढणं माझ्या अधिकारात आहे, एका अंगठ्याचं काम." त्यानं अंगठा वर करून दाखवला. "लिलाव बाराला चार वाजता आहे ना? तुम्हीच पुकारणार असं कळलं."

हेमांगीनं त्या अंगठ्याकडे पाहिलं. लठ्ठ, स्वच्छ, नख नीट कापलेलं. शुक्रवारीही तो त्याच्या हाताला होता.

"विचार करते," ती म्हणाली.

तो गेल्यावर मावशीनं मान वर केली. "काय विकायला आलावता?"

हेमांगी तिच्यासमोर बसली आणि ओठ सावकाश हलवत म्हणाली, "आईला."

त्या रिवाजाच्या बंदरात आणखी एक रिवाज होता. रिंगणात उभं राहून बोललेला शब्द सोसायटीच्या वहीत चढतो आणि नंतर फिरवता येत नाही. जो शब्द फिरवतो किंवा खोटा ठरतो, त्याला पुकारणारी पाठ दाखवते. ती पाठ फिरली की त्या माणसाची बोली कोणालाच ऐकू येत नाही, मग तो कितीही ओरडो. आक्कानं तीस वर्षांत दोनदाच पाठ दाखवली होती. त्यातला एक जण अजून दुसऱ्या बंदराला माल नेतो.

बारा तारखेला चार वाजता हेमांगी आईच्या उलट्या टोपलीवर उभी राहिली. आईचा फोन तिनं कमरेला खोचला होता. रिंगणात दोघंच बोली लावायला होते. एक टकले. दुसरी नसीमा, हातात छापील किंमत लिहिलेला डबा घेऊन.

"माझी शून्य," नसीमा म्हणाली. "सुटा फोन. ज्याचा टॉवर लागेल त्याचं कार्ड घाला. किंमत डब्यावर आहे, कमी व्हायची नाही."

"मग बोलीला कशाला आलीस?" कुणीतरी ओरडलं. बायका हसल्या. नसीमाही हसली, पण डबा खाली ठेवला नाही.

"'लहर'ची तीन वर्षं," टकले म्हणाला. "आणि फोन जवळजवळ फुकट."

हेमांगीनं पुकारलं, "तीन वर्षं."  

"सुट्याचा खर्च झेपायचा नाय," बाळूकाका खालून पुटपुटले. "त्याला खाली आण."

तिनं आणला. ज्या माणसानं आईला घासाघीस केल्याचं नाटक दाखवलं होतं, त्याच्याशी ती खरी घासाघीस करत होती. तो अडीचवर आला. मग दोनवर. दर वेळी ती त्याच्याकडे बघून किंचित मान हलवायची, आणि त्याला वाटायचं, आपलं ठरलेलं जमतंय. साडेचारला तो एका वर्षावर आला. रिंगण खूश होऊन गजबजलं.

"एक वर्ष," हेमांगीनं पुकारलं. "आणि कुलूप?"

"कुलूप असणारच मॅडम. ती सिस्टीम आहे."

"काढता येतं?"

टकले हसला. याचीच तो वाट बघत होता. "आक्कांच्या लेकीनं विचारलं तर नाही कसं म्हणू? येतं."

"कोणाला?"

"मला. विभागाचा अधिकार माझा."

"फोन दुसऱ्याच्या टॉवरखाली असला तर?"

"कुठेही असू दे. चालू असला म्हणजे झालं."

"किती वेळ लागतो?"

"दहा सेकंद." त्यानं टॅब्लेट वर धरला, अंगठा काचेजवळ नेला. "दाखवू का?"

"नको. वहीत चढलं का, सदाभाऊ?"

"चढलं," सोसायटीचा कारकून म्हणाला.

हेमांगीनं पर्समधून पत्र काढलं. घडी उलगडायला तिला घाई नव्हती. "परक्षेत्रात असलेल्या फोनचं कुलूप काढणं तांत्रिकदृष्ट्या शक्य नव्हतं," तिनं वाचलं. "सही, अ. टकले. शुक्रवारी मी याला विचारलं होतं. शनिवारी माझ्या आईला एकोणीस सेकंद मिळाले. याला दहा पुरले असते. आणि त्याच्याआधी अख्खा एक दिवस होता."

 सदाभाऊनं तेही वहीत चढवलं.

मग ती टोपलीवर वळली आणि तिनं टकलेला पाठ दाखवली.

"मॅडम, ऐका... पत्र वरून आलं होतं, मी फक्त सही केली." आवाज मागून येत होता. "बरं, शून्य! 'लहर'ची शून्य वर्षं! सगळ्या बासष्ट फोनची कुलपं आत्ता काढतो!"

तिच्यासमोर आता समुद्र होता, आणि बायकांचे चेहरे. त्यांच्यातल्या एकीनं, मग दुसरीनं, मग सगळ्या रांगेनं तोंड फिरवलं. बाळूकाका थोडा वेळ जागेवर उभे राहिले. ते आक्काबरोबर तीस वर्षं रिंगणात होते. तेही वळले.

"मॅडम, तुमच्या आईचा आवाज!" आता तो ओरडत होता. "पाचला दहा मिनिटं आहेत! मी आत्ता सोडतो, फक्त माझी बोली घ्या! मुद्रणांत नुसता पुकारा आहे, बोलणाऱ्या आक्का पुन्हा मिळायच्या नाहीत तुम्हाला! कळतंय का?"

तिला कळत होतं. कमरेचा फोन तिच्या बरगडीला लागत होता. मीठ नसलेल्या भाताचं वाक्य त्यात होतं, आणि अजून न बोललेली सगळी वाक्यं.

तिनं मान न वळवता, त्या तरुण मुलीच्या गोड सुरात सांगितलं:

"ही सेवा आपल्या क्षेत्रात उपलब्ध नाही."

तो पुन्हा काहीतरी म्हणाला. तिनं पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्याच्याकडून नुसता श्वास ऐकू आला. ती मनात मोजत होती. एकोणीस झाल्यावर तिनं हात वर केला.

"सुटे फोन, शून्य वर्षं, छापील किंमत. एकवार, दोनवार, तीनवार. तुटली!"

तिला बरं वाटलं. सुडानं समाधान मिळत नाही, असं तिनं कितीतरी पुस्तकांत वाचलं होतं. ती पुस्तकं चुकीची होती. निदान पाच वाजेपर्यंत तरी.

वहीच्या त्या पानाची नक्कल दुसऱ्या दिवशी तक्रारीला जोडली गेली. टकलेची गाडी रेतीतून बाहेर निघेना, तेव्हा ढकलायला कोणी गेलं नाही. नसीमा डबे मोजत होती आणि एक म्हातारी तिला अजून विचारत होती, "बासष्ट घेतो हाव, दोन कमी कर की."

हेमांगी घरी आली. फोन तिनं आईच्या पाटाजवळ ठेवला आणि समोर बसून राहिली. पाच वाजून गेले होते. पडद्यावर बारीक अक्षरांत आलं, 'साठवण रिकामी.' त्यानंतर लगेच पडद्यावर रंगीत फुगे उडू लागले, आणि फोन त्या परक्या मुलीच्या आवाजात आनंदानं काहीतरी बोलला.

हेमांगीनं तो हातात घेऊन वाचलं. मग पुन्हा वाचलं, पान एकोणतीस वाचावं तसं, प्रत्येक अक्षरावर थांबून. 'अभिनंदन! आपली मुदत पूर्ण झाली आहे. आपला फोन आता मुक्त आहे.'

सोनूमावशीनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि जवळ येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. "काय म्हणतो गो तो?"

हेमांगीनं मावशीकडे तोंड वळवलं. ओठ सावकाश हलवावे लागतात, आणि ते हलत नव्हते.

"म्हणतो," ती अखेर म्हणाली, "आता कुठूनही बोला."